संकरित गव्हाची ओंबी का बिघडते?

गव्हाच्या पैदास प्रक्षेत्रावर एक कोडे वारंवार समोर येते. टपोऱ्या दाण्याचे, एकसारखे निसवणारे आणि सहज मळले जाणारे एक वाण निवडले जाते. त्याच्या जोडीला तांबेऱ्याला दाद न देणारे, तितकेच धडधाकट दुसरे वाण घेतले जाते. दोघांच्या संकरातून मिळालेले बी पेरले जाते, आणि पुढच्या एक-दोन पिढ्यांत काही झाडांच्या ओंब्या भलत्याच निघतात. कुठे ओंबी लांबट, विरळ आणि टोकाकडे निमुळती होते, कुठे ती आखूड व गच्च होते, कुठे तिला चक्क फांद्या फुटतात, तर काही संकरांत रोप पोटरीत येण्यापूर्वीच वाळून जाते आणि ओंबी दिसतच नाही. आई-बाप दोघेही निरोगी असताना संततीत हे व्यंग कुठून येते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षे शोधत आले आहेत. त्या शोधातून पुढे आलेला निष्कर्ष असा, की बहुतेक वेळा दोष एखाद्या बिघडलेल्या जनुकाचा नसतो. चांगल्या जनुकांची मात्रा, त्यांच्या कामाची वेळ आणि त्यांना मिळालेले जोडीदार यांचा मेळ संकरामुळे मोडतो आणि त्याचा परिणाम ओंबीवर उमटतो.

ओंबी घडते कशी

ओंबी शेतकऱ्याला दिसते ती निसवल्यावर. परंतु तिची घडण त्यापूर्वी कितीतरी आठवडे, रोपावर केवळ पाने आणि फुटवे दिसत असतात तेव्हाच, जमिनीलगत सुरू झालेली असते. खोडाच्या टोकाशी सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा एक सूक्ष्म घुमट असतो. त्याला विभज्या म्हणतात. सुरुवातीस ही विभज्या एकामागून एक पाने निर्माण करते. थंडी, दिवसाची लांबी आणि रोपाचे वय यांचे संकेत जुळून आले, की ती पानांचे काम थांबवून लांबट होऊ लागते आणि तिच्या अंगावर दुहेरी वळ्या उमटतात. प्रत्येक जोडीतील खालची वळी पानाची असते व ती दडपली जाते. वरची वळी वाढून तिचे कणिशक होते. कणिशक म्हणजे ओंबीच्या दांड्यावर, प्रत्येक पेऱ्याशी एक याप्रमाणे, आळीपाळीने डावी-उजवीकडे बसलेला फुलांचा लहानसा गुच्छ. अखेरीस टोकाशी एक कणिशक आडवे वळून बसते आणि ओंबीतील कणिशकांची संख्या तिथेच ठरून जाते.

प्रत्येक कणिशकाच्या तळाशी दोन कडक आवरणे असतात. त्यांना तुष म्हणतात. त्यांच्या आत अनेक पुष्पके, म्हणजे बारीक फुले असतात, आणि प्रत्येक पुष्पकात तीन पुंकेसर व एक स्त्रीकेसर असतो. कणिशक केव्हा बनवायचे, त्याला फांदीसारखे वाढू द्यायचे की फुलांकडे वळवायचे, तुष किती कठीण ठेवायचे, पुंकेसराच्या जागी पुंकेसरच येईल याची खात्री कशी करायची, हे सर्व निर्णय नियामक जनुके घेतात. ही जनुके ज्या प्रथिनांची कृती सांगतात ती प्रथिने इतर जनुकांना चालू किंवा बंद करतात. म्हणूनच अशा एका जनुकाच्या प्रमाणात किंवा वेळेत झालेला लहानसा फरकही संपूर्ण ओंबीचे रूप पालटू शकतो.

एका झाडात तीन वंश

ज्याची पोळी रोज खाल्ली जाते तो साधा गहू स्वतःच एका जुन्या संकरातून जन्मलेला आहे. सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वी लागवडीखालील चतुर्गुणित गहू आणि एजिलॉप्स टौशी हे रानटी गवत यांचा नैसर्गिक संकर झाला आणि त्यातून हा गहू निर्माण झाला. चतुर्गुणित गव्हात ‘ए’ आणि ‘बी’ असे गुणसूत्रांचे दोन संच असतात व त्यांची एकूण संख्या २८ भरते. गवताकडून ‘डी’ हा तिसरा संच आला आणि संख्या ४२ झाली. महाराष्ट्रात परिचित असलेले खपली आणि बन्सी हे दोन्ही गहू २८ गुणसूत्रांचे आहेत, तर नेहमीच्या पोळीचा गहू ४२ गुणसूत्रांचा, म्हणजे षड्गुणित आहे.

या रचनेमुळे साध्या गव्हात बहुतेक जनुकांच्या तीन आवृत्त्या असतात, प्रत्येक संचात एक. एखादी आवृत्ती निकामी झाली तरी उरलेल्या दोन तिचे काम भरून काढतात, म्हणून गव्हात अनेक दोष वर्षानुवर्षे झाकलेले राहतात. मात्र संकरात गुणसूत्रांची संख्या बदलली, एखादा संच अर्धवट राहिला किंवा झाकणारी आवृत्ती गळून पडली, की हे लपलेले दोष उघडे पडतात.

मात्रा बदलली की आकार बदलतो

मात्रेचे महत्त्व दाखवणारे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे ‘क्यू’ हे जनुक. ते ५-ए या गुणसूत्राच्या लांब बाहूवर असते. मोकळ्या दाण्याच्या गव्हात त्याचे प्रबळ रूप, म्हणजे मोठा क्यू आढळतो. खपलीत आणि रानटी गव्हांत त्याचे दुर्बळ रूप, म्हणजे छोटा क्यू असतो. खपलीची ओंबी मळली तर दाणे मोकळे होत नाहीत. ओंबीचा दांडा पेऱ्यापेऱ्याला तुटतो आणि तुषांत घट्ट बसलेल्या दाण्यांसह अख्खी कणिशके हाती येतात, त्यामुळे ती पुन्हा कांडावी किंवा भरडावी लागतात. मोठा क्यू असलेल्या गव्हात तुष मऊ, दांडा चिवट आणि ओंबी आटोपशीर व चौकोनी असते.

दोन्ही रूपांतील फरक अत्यंत सूक्ष्म आहे. २००६ मध्ये या जनुकाची संपूर्ण रचना उलगडली गेली तेव्हा त्याच्या प्रथिनात ३२९ व्या स्थानी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्यूसिन आल्याचे दिसले. त्याखेरीज मोठ्या क्यूच्या संदेशात आणखी एक अक्षर बदललेले आहे. पेशीतील मायक्रो-आरएनए-१७२ हा छोटा रेणू ज्या जागी चिकटून क्यूचा संदेश नष्ट करतो तिथेच हा बदल झाला असल्याने मोठ्या क्यूचा संदेश अधिक टिकतो आणि प्रथिन अधिक तयार होते. म्हणजे दोन रूपांतला भेद मुख्यतः कमी-जास्तपणाचा आहे. जपानी संशोधक मुरामात्सु यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की छोट्या क्यूच्या पाच प्रती एकत्र आणल्या तर ओंबी मोठ्या क्यूच्या दोन प्रती असल्यासारखीच चौकोनी होते.

याच जनुकाच्या प्रती गरजेपेक्षा वाढल्या तर ओंबी आखूड आणि गच्च होते. उलट ५-ए गुणसूत्र पूर्णपणे हरवले तर ओंबी लांब, विरळ आणि कडक तुषांची, म्हणजे युरोपातील स्पेल्ट गव्हासारखी होते. अमेरिकेतील मिझुरी येथे अर्नेस्ट सीअर्स यांनी ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणापासून एकेक गुणसूत्र गहाळ असलेल्या झाडांचे संच तयार केले, आणि कोणते गुणसूत्र नसले म्हणजे ओंबीत कोणता फरक पडतो हे त्यांवरून थेट पाहता आले. संकरित पिढ्यांत अधूनमधून उगवणाऱ्या स्पेल्टसारख्या ओंब्यांचे कारण बहुधा हेच, की त्या झाडांत मोठ्या क्यूची प्रत कमी पडलेली असते.

खपलीचा साध्या गव्हाशी संकर

खपलीची कीर्ती तिच्या चवीपुरती मर्यादित नाही. खोडावरील काळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार करणारी काही महत्त्वाची जनुके जगाला खपलीकडून मिळाली आहेत. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत ठरवलेल्या बारा गव्हांच्या प्रसिद्ध संचात खपलीला स्थान होते, आणि ऑस्ट्रेलियात तिच्या संकरातून ‘खॅपस्टीन’ नावाचा गहू तयार झाला. साहजिकच खपली आणि साधा गहू यांचे संकर अनेक ठिकाणी करून पाहिले गेले आणि ओंबीच्या बिघाडाचे सगळे प्रकार त्यांत दिसून आले.

या संकरात खपलीकडून १४ आणि साध्या गव्हाकडून २१ गुणसूत्रे येतात, म्हणून पहिल्या पिढीच्या झाडात ३५ गुणसूत्रे असतात. ‘ए’ आणि ‘बी’ संचांच्या १४ जोड्या नीट जुळतात. ‘डी’ संचातील सात गुणसूत्रांना मात्र जोडीदारच नसतो. परागकण आणि बीजांड तयार होताना ही एकटी गुणसूत्रे कुठे जातील याचा नेम नसतो. काही मागे रेंगाळतात आणि केंद्रकाबाहेर राहून नष्ट होतात. परिणामी पुढच्या पिढीतील झाडांत गुणसूत्रांची संख्या २८ पासून ४२ पर्यंत काहीही असू शकते. जपानचे हितोशी किहारा यांनी १९२० च्या आसपास अशा झाडांतील गुणसूत्रे मोजून हा गोंधळ पहिल्यांदा नीट मांडला.

प्रत्येक झाडात ‘डी’ संचाची वेगळीच गुणसूत्रे उरत असल्याने ओंबीचा आकार ठरवणाऱ्या जनुकांची मात्रा झाडागणिक वेगळी पडते. ओंबी गच्च करणारे एक जनुक २-डी गुणसूत्रावर आहे, तर सिंधू खोऱ्यातील उत्खननांतही ज्याचे गोल दाणे सापडले त्या भारतीय बुटक्या गव्हाला त्याचे रूप देणारे जनुक ३-डी वर आहे. त्यातच मोठ्या व छोट्या क्यूचे वाटप स्वतंत्रपणे होत असते. त्यामुळे एकाच ओळीत खपलीसारख्या, साध्या गव्हासारख्या आणि दोघांशीही न जुळणाऱ्या ओंब्या शेजारी शेजारी दिसतात, आणि ज्या झाडांत ‘डी’ संच अर्धवट राहिला त्यांत बरेचदा दाणेही नीट भरत नाहीत.

जोडीदाराचे महत्त्व दाखवणारा दाखलाही ‘डी’ संचातलाच आहे. मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेने चतुर्गुणित गहू आणि एजिलॉप्स टौशी यांचा संकर नव्याने करून मोठ्या संख्येने कृत्रिम षड्गुणित गहू तयार केले. यांतील चतुर्गुणित पालकाकडे मोठा क्यू असूनही संततीची ओंबी मळायला अवघड निघते, कारण गवताकडून आलेले, २-डी वरील, तुष कडक ठेवणारे जनुक क्यूचा परिणाम दाबून टाकते.

फांद्या आणि जोडकणिशके

ओंबीला फांद्या फुटण्यामागे ‘थांबा’ सांगणाऱ्या जनुकाचे अपयश असते. ‘मिरॅकल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चतुर्गुणित गव्हाच्या ओंबीत जिथे एकेक कणिशक यायला हवे तिथे कणिशकांनी भरलेल्या छोट्या फांद्या येतात. २०१५ मध्ये सिद्ध झाले, की २-ए गुणसूत्रावरील एका नियामक जनुकात झालेला बदल याला कारणीभूत आहे. हे जनुक ठीक असते तेव्हा ते कणिशकाच्या विभज्येला बाजूला फुटू देत नाही आणि फुलांच्या निर्मितीकडे वळवते. ते निकामी झाले, की विभज्या मागे फिरून फांदीसारखी वाढू लागते. मका, भात आणि सातू यांतही याच जनुकाचे भाईबंद हेच काम करतात.

अशा फांद्यांच्या गव्हाचा साध्या गव्हाशी संकर केला तर पहिल्या पिढीत ओंबी सरळ दिसते, कारण साध्या गव्हाकडून आलेल्या चांगल्या आवृत्त्या दोष झाकतात. पुढच्या पिढ्यांत झाकणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या झालेल्या झाडांतच फांद्या डोके वर काढतात, आणि तेही हवामानाप्रमाणे कमी-अधिक. पैदासकाराला दोन पिढ्यांनंतर अचानक दिसणारे हे व्यंग प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून त्या संकरात असते.

एकाच पेऱ्याशी एकाऐवजी दोन कणिशके येणे, म्हणजे जोडकणिशक, हा प्रकार वेळेशी संबंधित आहे. दिवसाच्या लांबीचा अंदाज घेणारे पीपीडी-१ हे जनुक पानातून फुलोऱ्याचा संकेत पाठवण्यास मदत करते. तो संकेत म्हणजे एफटी नावाचे प्रथिन. संकेत जोरदार असला तर विभज्या झटपट पुढच्या टप्प्यावर जाते आणि पेऱ्याशी एकच कणिशक तयार होते. तो क्षीण झाला तर तिथे दुसऱ्या कणिशकाला वेळ मिळतो. ब्रिटनमध्ये अनेक वाणांचे संकर गुंफून तयार केलेल्या संचातील एका ओळीत जोडकणिशके दिसली तेव्हा तपासणीत आढळले, की त्या झाडांत ४-डी गुणसूत्राच्या दोनऐवजी चार प्रती होत्या. या गुणसूत्रावरील टीबी-१ या जनुकाचे प्रथिन एफटीला चिकटून त्याचा संकेत अडवते; प्रती वाढल्याने अडवणूक वाढली आणि कणिशके जोडीने आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने मात्रा आणि वेळ यांचे नाते स्पष्ट केले.

जनुक चुकीच्या वेळी चालू राहिल्याने होणाऱ्या बदलाचा नमुना पोलिश गव्हात मिळतो. व्हीआरटी-२ हे जनुक एरवी कणिशक घडू लागताच मंदावते. पोलिश गव्हात त्याच्या आतल्या एका तुकड्याची अदलाबदल झाल्याने ते पुढेही चालूच राहते आणि तुष विलक्षण लांब होतात. या गव्हाच्या संकरात तुषांची लांबी दोन्ही पालकांच्या मधली येते.

केंद्रक एकाचे, पेशीद्रव्य दुसऱ्याचे

संकराला गुणसूत्रे दोन्ही पालकांकडून मिळतात. परंतु केंद्रकाभोवतीचे पेशीद्रव्य आणि त्यातील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका जवळजवळ पूर्णपणे आईकडून येतात, आणि तंतुकणिकांमध्ये त्यांची स्वतःची थोडी जनुके असतात. एखाद्या रानटी गवताला आई मानून त्यावर गव्हाचे परागकण पिढ्यानुपिढ्या टाकत राहिले, तर अखेरीस केंद्रक गव्हाचे आणि पेशीद्रव्य गवताचे असे झाड तयार होते. ट्रिटिकम टिमोफीवी या गव्हाचे पेशीद्रव्य वापरून १९६२ मध्ये अमेरिकेत परागहीन गहू मिळवण्यात आला आणि संकरित बियाणे करण्याच्या प्रयत्नांना त्यातून चालना मिळाली.

जपानमध्ये एजिलॉप्स क्रासा या गवताचे पेशीद्रव्य ‘नोरिन २६’ या वाणाला दिले तेव्हा याहून चमत्कारिक गोष्ट घडली. दिवस साधारण १५ तास किंवा त्याहून मोठा असेल तर पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरासारखे अवयव उगवत. दिवस लहान असेल तर फुले नेहमीसारखी येत. कोजी मुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की परक्या तंतुकणिकांशी गव्हाच्या केंद्रकाचा संवाद बिघडल्याने पुंकेसराची ओळख ठरवणारी जनुके मंदावतात. ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणात हा दोष दिसत नाही, कारण त्याच्या ७-बी गुणसूत्राच्या लांब बाहूवर असा संवाद सावरणारे जनुक आहे. तो बाहू काढून टाकला, की त्यातही पुंकेसर बदलतात.

निसवण्याआधीच करपणारे संकर

सर्वांत टोकाच्या बिघाडात ओंबी बाहेर येण्याची वेळच येत नाही. जुन्या पानांची टोके पिवळी पडतात, करपा खाली पात्याकडे सरकतो, मग वरची पाने त्याच क्रमाने वाळतात आणि तीव्र प्रकारात रोप पोटरीत येण्यापूर्वी मरते. सौम्य प्रकारात ओंबी निसवते, पण खुजी व अर्धवट भरलेली राहते. हा रोग नसतो. १९४३ मध्ये कॉल्डवेल आणि कॉम्प्टन यांनी दाखवले, की दोन वेगवेगळी प्रबळ जनुके एकत्र आल्यानेच हे घडते. पुढे त्यांना एनई-१ आणि एनई-२ अशी नावे मिळाली. पहिले ५-बी गुणसूत्रावर, तर दुसरे २-बी वर असते. ज्या वाणात यांपैकी एकच असते ते वाण ठणठणीत असते.

लग्नघरी दोन आचारी असावेत, दोघेही आपापल्या घरी उत्तम आमटी करणारे, आणि मीठ कोणी घालायचे हे न ठरल्याने दोघांनीही ते घालावे, तशी या जनुकांची गत होते: प्रत्येकाची सवय स्वतंत्रपणे योग्य असते, मात्र एका भांड्याशी दोघे आले, की पदार्थ बिघडतो. एनई-१ असलेल्या वंशात एनई-२ कधीच नव्हते आणि एनई-२ असलेल्या वंशात एनई-१ नव्हते, म्हणून दोघांपैकी कोणाचीही निवड निसर्गाने वा शेतकऱ्याने दोष म्हणून कधी नाकारली नाही.

२०२१ मध्ये या कथेला महत्त्वाचे वळण मिळाले. एनई-२ हे पानावरील तांबेऱ्याचा प्रतिकार करणारे, एलआर-१३ या नावाने आधीच परिचित असलेले जनुकच आहे, असे सिद्ध झाले. त्याचे प्रथिन रोगकारकाची चाहूल घेऊन संसर्ग झालेल्या पेशीला मरू देते व रोगाचा प्रसार रोखते. एनई-१ सोबत असले तर मात्र रोग नसतानाही हा प्रतिसाद सुरू होतो आणि निरोगी पाने एकामागून एक मरतात. तांबेऱ्यापासून पीक वाचवणाऱ्या गुणामुळे हे जनुक अनेक वाणांत पसरले, आणि त्याबरोबर चुकीच्या जोडीदाराशी गाठ पडण्याची शक्यताही वाढली.

थोडक्यात

- लांब, विरळ, स्पेल्टसारखी ओंबी: ५-ए वरील मोठ्या क्यूची मात्रा कमी पडणे.
- आखूड, गच्च ओंबी: क्यूच्या प्रती जास्त होणे किंवा ‘डी’ संचातील विशिष्ट जनुके.
- फांद्यांची ओंबी: कणिशकाला फुटण्यापासून रोखणारे जनुक निकामी होणे, हा गुण पहिल्या पिढीत झाकलेला राहतो.
- जोडकणिशके: फुलोऱ्याचा संकेत उशिरा किंवा क्षीण मिळणे.
- पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसर: केंद्रक आणि परके पेशीद्रव्य यांचा विसंवाद.
- निसवण्याआधी मरणारे रोप: एनई-१ आणि एनई-२ एकत्र येणे.

निदान आणि उपाय

वेडीवाकडी ओंबी दिसली म्हणजे कारण आनुवंशिकच असेल असे नाही. टू-फोर-डी हे तणनाशक पिकाच्या चुकीच्या अवस्थेत फवारले गेले तर गव्हाच्या ओंब्या विकृत होतात. अशा ओंब्यांचे बी पुन्हा पेरले आणि ओंब्या सरळ आल्या तर दोष फवारणीचा मानावा; विकृती ठरावीक प्रमाणात परत आली तर ती जनुकांची मानावी.

कारण जनुकांचे असेल तर उपाय बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असतो. ‘डी’ संच अर्धवट राहिल्याने ओंबी बिघडत असेल तर संततीचा पुन्हा साध्या गव्हाशी संकर करत जातात, म्हणजे काही पिढ्यांत ४२ गुणसूत्रांचा पूर्ण संच परत येतो आणि खपलीचा हवा तो गुण टिकवता येतो. झाकलेल्या दोषांसाठी दुसरी पिढी मोठ्या संख्येने वाढवून त्यातून झाडे निवडावी लागतात. एनई-१ आणि एनई-२ यांच्या बाबतीत डीएनए चाचणीने पालक आधीच तपासता येतात, आणि जोडी घातक असेल तर दोन्हींपैकी एकही जनुक नसलेले तिसरे वाण मध्ये घेऊन संकर दोन टप्प्यांत केला जातो. एनई-२ सरसकट काढून टाकणे हा मार्ग सोपा दिसतो, पण त्याबरोबर तांबेऱ्याचा प्रतिकारही हातचा जातो; म्हणून ते जनुक ठेवून त्याचा जोडीदार बदलणे पैदासकाराला अधिक किफायतशीर पडते, आणि संकराची आखणी करताना पालकांच्या गुणांइतकीच त्यांच्या जोडीचीही तपासणी करावी लागते.